एक मेसेज यायचा अन् फोन हातातून जायचा. मग अँड्रॉईडने 'मीडियासर्व्हर'चे तुकडेच केले

जुलै २०१५. तुमच्या खिशात तेव्हा जो कुठला अँड्रॉईड फोन होता, तो बहुतेक या यादीत होताच.

झालं असं की, झिम्पेरियम या सिक्युरिटी कंपनीतल्या जोशुआ ड्रेक या संशोधकाने अँड्रॉईडमधल्या काही चुका जाहीर केल्या. नाव पडलं 'स्टेजफ्राईट'. कंपनीचा अंदाज होता की ९५ टक्के अँड्रॉईड फोन, म्हणजे साधारण ९५ कोटी, यात सापडू शकतात. हल्ल्याची पद्धत तर अजूनच भारी होती. कुणीतरी तुमच्या नंबरवर मुद्दाम बिघडवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवायचा. तुम्ही लिंक दाबायची गरज नाही, व्हिडिओ बघायचीही गरज नाही. फोन आपणहून एमएमएस उतरवून घेणार, व्हिडिओ उघडून तपासणार आणि तिथेच घात होणार. तुम्ही झोपेत असलात तरी.

आता प्रश्न असा की, एक व्हिडिओ वाचताना चूक झाली म्हणून अख्खा फोन धोक्यात का यावा?

याचं उत्तर 'मीडियासर्व्हर' नावाच्या एका सर्व्हिसमध्ये आहे. सर्व्हिस म्हणजे फोन चालू झाल्यापासून पडद्याआड राबणारा प्रोग्रॅम. याचा आयकॉन कुठे दिसत नाही. गाणं वाजवायचं, व्हिडिओ उलगडायचा, कॅमेरा चालवायचा, माईकवरून आवाज घ्यायचा, ही सगळी कामं तेव्हा हा एकटा मीडियासर्व्हर करायचा. काम सगळं त्याचं, म्हणून परवानग्याही सगळ्या त्याच्याकडे. कॅमेरा, माईक, ब्लूटूथ, इंटरनेट. व्हिडिओ वाचणाऱ्या कोडमध्ये भगदाड पडलं की आत शिरणाऱ्याला हे सगळं आयतं मिळायचं. काही फोनवर तर कंपन्यांनी त्याला याहूनही वरचे अधिकार देऊन ठेवले होते.

आणि इथेच येतं आजच्या विषयाचं जड नाव: मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल. (ॲपलच्या मॅकशी किंवा वायफायच्या मॅक ॲड्रेसशी याचा संबंध नाही, आद्याक्षरं तेवढी सारखी.)

लिनक्सची जुनी पद्धत सोपी आहे. फाईल ज्याची, तो ठरवणार ती कुणी वाचायची. आणि 'रूट' नावाचा सर्वेसर्वा युजर असतो, त्याला कुणी अडवत नाही. म्हणजे हाऊसिंग सोसायटीत फ्लॅटमालक आपली चावी कुणालाही देऊ शकतो, आणि चेअरमनकडे मास्टर चावी. कामं भराभर होतात, पण चेअरमनची चावी चोराच्या हाती लागली की सगळी बिल्डिंग उघडी.

मँडेटरी पद्धतीत वॉचमनकडे एक रजिस्टर असतं. प्लंबर पाण्याच्या टाकीपर्यंत जाईल, बाकी कुठे नाही. दूधवाला जिन्यापर्यंत. रजिस्टरमध्ये जे लिहिलेलं नाही ते बंद. चेअरमन स्वतः आला तरी वॉचमन रजिस्टरच बघणार. या रजिस्टरला म्हणतात पॉलिसी, आणि वॉचमनच्या जागी असतो सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल.

लिनक्समध्ये हे काम करणारी सगळ्यात गाजलेली व्यवस्था म्हणजे एसईलिनक्स. ती मुळात आली कुठून, तर अमेरिकेच्या एनएसएकडून. हो, तीच हेरगिरीवाली. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी तिचा कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि २००३ मध्ये ती मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आली. स्नोडेन प्रकरणानंतर अनेकांच्या भुवया उंचावल्या, पण कोड उघडा आहे आणि इतकी वर्षं जगभरचे लोक तो वाचत आलेत.

एसईलिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला आणि प्रत्येक फाईलला एक लेबल चिकटवलेलं असतं. पॉलिसीत ओळी असतात त्या अशा अर्थाच्या: अमुक लेबलच्या प्रोसेसला तमुक लेबलची फाईल वाचता येईल. बास. प्रोसेस रूट म्हणून चालते की साध्या युजर म्हणून, हा मुद्दाच इथे येत नाही.

एनएसएमधल्याच स्टीफन स्मॉली आणि रॉबर्ट क्रेग यांनी हे अँड्रॉईडवर आणून दाखवलं आणि २०१३ मध्ये त्यावर पेपर मांडला. त्यात त्यांनी तेव्हाचे गाजलेले हॅक तपासले. 'जिंजरब्रेक' त्यातलाच. मेमरी कार्ड वगैरे सांभाळणारी 'व्होल्ड' ही सर्व्हिस रूट म्हणून चालायची. जिंजरब्रेक तिला फसवून स्वतःची फाईल तिच्याकडून चालवून घ्यायचा. पॉलिसी लावल्यावर व्होल्ड रूट असूनही ती परकी फाईल चालवू शकत नव्हती, कारण तिच्या रजिस्टरात तशी ओळच नव्हती.

त्याच वर्षी अँड्रॉईड ४.३ मध्ये एसईलिनक्स आलं, पण 'परमिसिव्ह' मोडमध्ये. म्हणजे वॉचमन नोंद करणार, अडवणार नाही. हे भित्रेपणाचं वाटेल, पण पॉलिसी लिहिण्याची रीतच ही आहे. सर्व्हिसला नेमकं काय काय लागतं हे ती बनवणाऱ्यालाही आधी पूर्ण माहीत नसतं. म्हणून आधी चालू द्यायचं, 'हे नाकारलं असतं' अशा नोंदी गोळा करायच्या आणि मग ठरवायचं. ४.४ मध्ये मोजक्या सर्व्हिसेसना अडवणं सुरू झालं आणि २०१४ च्या ५.० पासून सगळ्यांना.

थांबा. २०१४ मध्ये सगळ्यांना लागू झालं, तर २०१५ मध्ये स्टेजफ्राईटने एवढा घोळ कसा घातला?

खरी मेख इथे आहे. मीडियासर्व्हर ५.० मध्ये पॉलिसीच्या कुंपणात होताच. पण त्याची कामंच इतकी होती की कुंपण गावाएवढं झालं. कॅमेरा त्याला लागणारच, नेटवर्क लागणारच, मग नाकारणार काय? पॉलिसी लिहिणाऱ्याने नोंदी बघून दिसेल ते 'अलाऊ' करत जायचं ठरवलं तर कुठल्याही सर्व्हिसचं असंच होतं, आणि घाईत होतंच.

म्हणून गूगलने २०१६ च्या अँड्रॉईड ७.० मध्ये सर्व्हिसच फोडली. कॅमेरा फक्त कॅमेरासर्व्हरकडे. ब्लूटूथ फक्त ऑडिओसर्व्हरकडे. आणि बाहेरून आलेला, विश्वास न ठेवण्यासारखा व्हिडिओ वाचायचं जोखमीचं काम 'मीडियाएक्स्ट्रॅक्टर' नावाच्या गरीब प्रोसेसकडे. गरीब म्हणजे खरंच गरीब. त्याला इंटरनेट नाही, कॅमेरा नाही. तुमचा व्हिडिओसुद्धा तो स्वतः जाऊन उघडत नाही, दुसऱ्याने उघडून हातात दिला तर वाचतो. त्याच्या पॉलिसीत 'नेव्हरअलाऊ' ओळीही आहेत. उद्या कुणी चुकून त्याला नेटवर्कची परवानगी लिहिली, तर पॉलिसी तयारच होत नाही, बिल्ड तिथेच अडकतं.

चूक राहणारच नाही असा दावा यात कुणी करत नाही. व्हिडिओ वाचणारा कोड किचकट आहे, त्यात पुढेही चुका निघाल्या. फरक इतकाच की आत शिरलेला माणूस आता रिकाम्या खोलीत उभा राहतो आणि बाहेर पडायला त्याला दुसरी चूक शोधावी लागते. ती जर कर्नलमध्येच सापडली तर मात्र वॉचमनच फितूर झाला, मग रजिस्टरचा उपयोग नाही. म्हणून फोनचे सिक्युरिटी अपडेट टाळू नका. दर महिन्याला ते द्यायची पद्धत गूगलने नेक्सस फोनपासून सुरू केली, तीही ऑगस्ट २०१५ मध्ये, याच प्रकरणानंतर.

तुमच्या फोनवर काय स्थिती आहे हे बघायचं असेल तर सॅमसंगमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाऊट फोन'मध्ये सॉफ्टवेअरची माहिती उघडा, तिथे 'एसई फॉर अँड्रॉईड'ची ओळ असते. 'एन्फोर्सिंग' दिसलं तर वॉचमन ड्युटीवर आहे. फोन रूट केला असेल किंवा कुठून तरी कस्टम रॉम टाकली असेल तर जास्त लक्ष देऊन बघा. एखादं फीचर चालेना म्हणून थेट 'परमिसिव्ह' करून टाकायचा सल्ला यूट्यूबवर सर्रास मिळतो. तो ऐकला असेल तर तुमचा फोन पुन्हा ४.३ च्या काळात गेलाय, नोंद होतेय, अडवत कुणी नाही.