ओढा मोकळा करताना आधी माणूस सांभाळा



मोठा पाऊस होऊन गेला की ओढ्या-नाल्याला काय काय वाहून येते, हे तुम्हांला सांगायला नको. उपटलेल्या बाभळी, बेशरमाच्या जाळ्या, उसाचे पाचट, काटेरी तार, कुणाच्या मोटारीची केबलसुद्धा. हे सारे मोरीच्या तोंडाशी नाहीतर बंधाऱ्याच्या बरग्यांना येऊन अडते. मग पाणी तुंबते, काठ फोडून शेतात शिरते आणि वरची कसदार माती घेऊन जाते. तेव्हा अडसर काढायलाच हवा, यात दुमत नाही. मात्र तो काढताना माणूस जायबंदी होता कामा नये.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असलेल्या एका गावात श्रमदानाने ओढा साफ करण्याचे ठरले. पाणी गुडघाभर होते. बाभळीचा एक बुंधा आडवा अडकला होता. चौघेजण त्याच्या खालच्या अंगाला उभे राहून पहारीने उचकटत होते. मी काठावर वहीत नावे मांडत होतो. बुंधा एकदम सुटला आणि मागे तुंबलेला सगळा ढीग पाण्यासकट अंगावर आला. तिघे बाजूला झाले, चौथ्याचा पाय मांडीत मोडला. त्या हंगामात त्याची पेरणी भावकीने केली. ‘खालच्या बाजूला उभे राहू नका’ हे एक वाक्य मी बोललो असतो तर भागले असते. म्हणून आज ते सविस्तर सांगतो.

साऱ्याचे सार एवढेच : दोर पाण्यात जाऊ द्या, माणूस काठावर राहू द्या.

१) वेळ निवडा

या कामाची खरी वेळ म्हणजे उन्हाळ्याचा शेवट. रोहिणीचा पाऊस येण्याआधी ओढा कोरडा असतो, तेव्हा निम्मा धोका आपोआप टळतो. पावसाळ्यात काम निघालेच तर पूर ओसरून पाणी घोट्याखाली येईपर्यंत थांबावे. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी डोंगरात पाऊस चालू असू शकतो. म्हणून एक जाणता माणूस वरच्या वळणावर राखणीला ठेवावा. पाणी मातकट झाले, फेस आणि काटक्या येऊ लागल्या किंवा घोंघावल्यासारखा आवाज आला की त्याने शिटी वाजवावी. शिटी झाली की हत्यार टाकून सर्वांनी वर यावे. पहार गेली तर दुसरी मिळेल. ओढ्यावर धरण असेल तर पाणी सोडणार का, याची आदल्या दिवशीच चौकशी करावी. काळोखात हे काम करू नये.

२) पाण्याचा जोर कमी समजू नका

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तेवढेच खोल पाणी १,००० किलो भरते, म्हणजे एक टन. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून वाहते पाणी गुडघ्याइतके असले तरी पट्टीच्या पोहणाऱ्याचा पाय उचलते. ढिगाच्या वरच्या अंगाला पडलेला माणूस पाण्याच्या ओढीने फांद्यांखाली दाबला जातो, आणि तिथे पोहणे उपयोगी पडत नाही.

कमरेला दोर बांधून उतरणे पुष्कळांना सुरक्षित वाटते. परंतु वाहत्या पाण्यात पाय निसटला की तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. असे कदापि करू नये.

३) ढीग कसा सोडवावा

• लांब बांबूला लोखंडी आकडी बसवून हलका कचरा काठावरूनच ओढून घ्यावा.
• नंतर मोकळ्या फांद्या तोडाव्यात. ढीग अडवून धरणारा मुख्य ओंडका शेवटी काढावा.
• ओंडका सुटताना खालच्या अंगाला कोणीही नसावे. ढिगावर चढून नाचू नये.
• वाकून ताणलेली फांदी तोडताच चाबकासारखी उसळते. ती जिकडे उसळेल तिकडे उभे राहू नये.
• कुऱ्हाड चालवणाऱ्या दोघांत दोन माणसांचे तरी अंतर हवे.
• काढलेला कचरा पुराच्या रेषेच्या वर टाकावा, नाहीतर पुढच्या पाण्याला तो परत ओढ्यात येतो. काठावर मूळ धरून उभी असलेली झाडे तोडू नयेत, ती काठ धरून ठेवतात.

४) बैल किंवा ट्रॅक्टरने ओढताना

दोर जुना, कुजका नसावा. ताणलेला दोर तुटला तर त्याचा फटका हाड मोडतो. म्हणून दोराच्या रेषेत आणि त्याच्या वळणाच्या आत कोणी उभे राहू नये. बैलांचा दोर एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधावा. ओंडका पाण्याने ओढला गेला तर बैलही ओढले जातात. ट्रॅक्टरची साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावावी. वर कुठे बांधल्यास ओढताना ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि तो चालकावर उलटतो.

५) मोरी आणि बंधारा

तुंबलेल्या मोरीच्या नळीत रांगत जाऊ नये. पलीकडचे पाणी फुटले तर बाहेर यायला वाट राहत नाही. शिवाय कुजलेल्या गाळात विषारी वायू साठलेला असतो. बांबूने बाहेरूनच, बाजूला उभे राहून कचरा सैल करावा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वीच काढून ठेवावेत. पाणी चालू असताना बरग्यांच्या वरच्या अंगाला उतरू नये.

६) वीज, साप, विंचू

काम सुरू करण्यापूर्वी काठावरच्या मोटारींचा वीजपुरवठा बंद करावा. तार पडलेली दिसली तर पाण्याला पाय न लावता आधी वायरमनला कळवावे. तारेत वीज नाही, असे आपल्या अंदाजाने ठरवू नये.

पुरात वाहून आलेले साप-विंचू ढिगाच्या कोरड्या भागात बसतात. आधी बांबूने ढीग ढवळावा, मग हात घालावा. साप चावल्यास आवळून दोरी बांधणे, चिरा देणे किंवा रक्त ओढणे हे जुने उपाय करू नयेत, त्यांनी अपाय होतो. तो हात किंवा पाय फळीला सैल बांधून न हलवता ठेवावा, माणसाला चालवू नये आणि तडक सरकारी दवाखाना गाठावा. विंचवाचा दंश, विशेषतः लहान मुलाला, हलका समजू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या विषावर प्राझोसीन हे औषध उपयोगी असल्याचे दाखवून दिले आहे. त्यामुळे मंत्र-तंत्रात वेळ न घालवता दवाखान्यात जावे.

७) कामानंतरचा ताप

उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो हा रोग होतो. त्याचे जंतू पायाच्या भेगांतून, जखमेतून शिरतात. म्हणून गमबूट व हातमोजे वापरावेत आणि उघड्या जखमेचा माणूस गाळात उतरवू नये. काम संपताच साबणाने हातपाय धुवावेत. महिनाभरात ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर ‘मी ओढ्यात काम केले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेवर औषध मिळाल्यास हा रोग बरा होतो, अंगावर काढल्यास मूत्रपिंड आणि यकृत निकामी करतो. तार-खिळा लागल्यास धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

८) कोणी वाहून जाऊ लागल्यास

मागोमाग उडी टाकू नये. एकाला वाचवताना दुसरा जातो. दोर, लांब बांबू किंवा झाकण बंद केलेला रिकामा कॅन दोराला बांधून टाकावा. म्हणूनच खालच्या वळणावर एक माणूस दोर घेऊन आधीपासून उभा हवा. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. उताणे निजवून तोंडाने श्वास देणे व छातीच्या मध्यावर जोराने दाबणे लगेच सुरू करावे, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

शेवटी एक मनातली गोष्ट. रोजावर आलेला माणूस ‘मला भीती वाटते’ असे मालकाला सहसा म्हणत नाही. उद्याचे काम जाईल, हे त्याच्या मनात असते. तेव्हा तो बोलेल याची वाट पाहू नका. जिथे आपला मुलगा उतरवणार नाही, तिथे मजूरही उतरवू नये. गमबूट, दोर आणि शिटी यांचा खर्च मोडलेल्या एका पायाहून कितीतरी कमी आहे.

यंदा ओढा साफ कराल तेव्हा हे पत्रक काम सुरू होण्याआधी सर्वांसमोर एकदा मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, ते पुढे उभे असतात.