सरळ साखळी, वाकडी साखळी

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या दोन तेले खाल्ली गेली. एक मोहाचे, पावसाच्या तोंडावर पिकणाऱ्या टोळ नावाच्या फळांमधील बिया फोडून, वाळवून घाण्यावर काढलेले. दुसरे जवसाचे, आणि हे जवस पुष्कळदा कापणीला आलेल्या धानाच्या बांधीतच, तिची ओल उडण्याआधी फेकून पेरलेले असते. थंडी पडली की मोहाचे तेल तुपासारखे थिजते, जवसाचे तेल मात्र त्याच घरात, त्याच रात्री पातळच राहते. या फरकाचे कारण तेलांच्या रेणूंच्या आकारात आहे, आणि शरीरातील स्निग्ध पदार्थांची अनेक कामेही याच आकारावर बेतलेली आहेत.

पाण्यात न विरघळणाऱ्या जैविक पदार्थांच्या या मोठ्या कुळाला लिपिडे म्हणतात. तेल, तूप, चरबी, मेण, कोलेस्टेरॉल ही सारी त्यात मोडतात. त्यांतील बहुतेकांचा मूळ घटक मेदाम्ल हा असून, मेदाम्ल म्हणजे एका टोकाला अम्लगट असलेली कार्बन अणूंची लांब साखळी होय. साखळीतील कार्बनांना शक्य तितके हायड्रोजन अणू जोडलेले असले तर ती सरळ राहते आणि मेदाम्ल संपृक्त ठरते. शेजारच्या दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असेल तर निसर्गातील बहुतेक मेदाम्लांची साखळी त्या जागी मुरडते आणि अशा मेदाम्लास असंपृक्त म्हणतात. सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात, मुरडलेल्यांना तसे बसता येत नाही. म्हणूनच १८ कार्बनांचे स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते, तितक्याच कार्बनांचे पण एक मुरड असलेले ओलेइक आम्ल १३ अंशांना, तर तीन मुरडी असलेले लिनोलेनिक आम्ल थेट उणे ११ अंशांना. मोहाच्या तेलात पामिटिक आणि स्टिअरिक या सरळ साखळ्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असते, जे शहरात ‘ओमेगा-३’ या नावाने महाग पाकिटांवर मिरवते आणि जे मानवी शरीराला स्वतः तयार करता येत नाही.

तीन मेदाम्ले ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडली गेली की ट्रायग्लिसराइड तयार होते, आणि शरीराची शिल्लक ऊर्जा मुख्यतः याच रूपात साठते, कारण एक ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थातून केवळ ४. या साठ्याचा एक विशेष प्रकार नवजात बालकाच्या मानेभोवती, खांद्याच्या हाडांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती असतो. ही तपकिरी चरबी. नवजात बाळ मोठ्यांसारखे कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही, ते ही चरबी जाळूनच उबदार राहते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती पुरेशी साठलेलीच नसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात बाळाला उबदार ठेवण्याला महत्त्वाचे स्थान होते.

साठवण हे मात्र लिपिडांच्या अनेक कामांपैकी एक काम. प्रत्येक पेशीला वेढणारा पडदा फॉस्फोलिपिडांचा बनलेला असतो, ज्यांत ग्लिसरॉलला दोनच मेदाम्ले आणि तिसऱ्या जागी पाण्याकडे ओढ असलेला फॉस्फेटचा गट असतो. पाण्यात हे रेणू आपोआप दोन थरांत रचले जातात, फॉस्फेटची डोकी बाहेर आणि साखळ्या आत. हॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील लिपिडे वेगळी करून पाण्यावर पसरली, तेव्हा ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतात असे दिसले आणि दुहेरी थराची कल्पना पुढे आली. या दोन थरांची घडण सारखी नसते. फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड आतल्या बाजूसच ठेवले जाते. या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात पेशी वारंवार कोयत्याच्या आकाराच्या होत गेल्याने ते बाहेर येते, पेशी रक्तवाहिनीला चिकटू लागतात आणि लवकर नष्ट केल्या जातात.

हा पडदा किती नाजूक आहे हे घोणस सापाचे विष दाखवते. धानाच्या बांधीत चावणाऱ्या या सापाच्या विषात रक्त गोठण्याची यंत्रणा उधळून लावणारी विकरे असतात, आणि त्यांच्या जोडीला फॉस्फोलिपेझ ए२ नावाचे विकर. ते फॉस्फोलिपिडातील नेमकी मधल्या जागेवरची, बहुधा मुरडलेली, साखळी कापते. सुटलेली साखळी पुष्कळदा अ‍ॅरॅकिडोनिक आम्लाची असते, ज्यापासून शरीर प्रोस्टाग्लँडिने बनवते आणि सूज व वेदना वाढतात. मागे उरलेला एकसाखळी रेणू साबणासारखे गुण दाखवून उरलेल्या पडद्यालाही छिद्रे पाडतो. प्रतिविष मोकळ्या विषाला निष्प्रभ करते, फुटलेली पेशी सांधत नाही, म्हणून मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास रुग्णालाच महागात पडतो.

शरीराला मुरडलेलीच नव्हे, सरळ साखळीही लागते. फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश श्वास सोडताना मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतून जो लेप असतो, त्याचे मुख्य लिपिड पामिटिक आम्लाच्या दोन सरळ साखळ्यांचे असते. त्या खेटून बसतात म्हणूनच पृष्ठताण पुरेसा कमी होतो. गर्भारपणाच्या साधारण ३४व्या आठवड्याआधी हा लेप अपुरा असल्याने लवकर जन्मलेल्या बाळाला श्वास घेणे जड जाते. हृदयविकाराच्या संदर्भात संपृक्त मेदाविषयी दिला जाणारा इशारा योग्यच आहे, परंतु ‘संपृक्त म्हणजे वाईट’ हे सरसकट विधान देहरचनेला मान्य नाही.

ताटातल्या तेलाबाबतही असाच सरसकट नियम चालत नाही. पावसाळ्यात या भागात घरोघरी शिजणाऱ्या तरोट्याच्या भाजीतील कॅरोटीन, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, तेलाशिवाय आतड्यातून नीट शोषलेच जात नाही. ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ जीवनसत्त्वांचेही तसेच. तेल कमी करण्याचा जो सल्ला नागपूर-पुण्याच्या दवाखान्यांत बैठे काम करणाऱ्यांना दिला जातो, तो गडचिरोलीतल्या भामरागडच्या कृश गर्भवतीला देणे ही चूक ठरेल. तिच्या भाजीत तेलाचा एक चमचा वाढणेच गरजेचे आहे.