काळजीने कळा सुरू होत नाहीत

नवरा जहाजावर, नाहीतर सीमेवर, नाहीतर कंपनीच्या कामासाठी परदेशात. आणि इकडे बायकोला आठवा लागलेला. 'हे यायच्या आधीच कळा सुरू झाल्या तर?' असं तिने एकदा जरी बोलून दाखवलं, तरी साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत उत्तर ठरलेलं: 'असले विचार मनात आणू नकोस, विचारांनीच कळा लवकर येतात.' सासू हेच म्हणते, शेजारीण हेच म्हणते आणि शिकलेली नणंदही व्हॉट्सअ‍ॅपवर हेच लिहिते. हेतू चांगला असतो, मान्य. पण सांगतो काय आपण? की तुझी भीतीच तुझ्या बाळाच्या मुळावर उठली आहे. आधी तिला एकच काळजी होती, आता काळजी करण्याचीही काळजी.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधीच्या प्रसूतीला अकाली प्रसूती म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2023 च्या अहवालानुसार 2020 मध्ये जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं अशी जन्मली, म्हणजे दहातलं एक. त्यांपैकी सुमारे 30 लाख भारतात. याची कारणं शोधणाऱ्यांच्या हाती जे पुन्हा पुन्हा लागतं ते असं: आधीचं बाळंतपण वेळेआधी झालेलं असणं, जुळी, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, लघवीचा किंवा योनीमार्गाचा संसर्ग, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू. काही वेळा आईच्या किंवा बाळाच्या जिवासाठी डॉक्टरच प्रसूती लवकर करतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही, आणि अशा रिकाम्या जागेतच 'फार विचार करायची' हे निदान जाऊन बसतं. मुंबईतल्या 1,217 गर्भवतींचा एक अभ्यास 2004 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅम कमी भरलं आणि अकाली प्रसूतीही त्यांच्यात जास्त आढळल्या. मोरीतल्या मिश्रीच्या डबीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही, पहारा मात्र बाईच्या विचारांवर.

यावर जाणकार वाचक म्हणतील, की मानसिक ताणाचा आणि अकाली प्रसूतीचा संबंध संशोधनात दिसलेला आहे. दिसला आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. फक्त तो केवढा आणि कसल्या ताणाचा, हे पाहायला हवं. डेन्मार्कमधल्या तेरा लाखांहून अधिक जन्मांच्या अभ्यासात, गर्भधारणेच्या आधीच्या सहा महिन्यांत जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार पाहिलेल्या स्त्रियांमध्ये अकाली प्रसूतीचा धोका 16 टक्क्यांनी वाढलेला आढळला. सोळा टक्के ऐकून छाती दडपते. पण मुळात शंभरात पाच असतील, तर या वाढीनंतरही आकडा सहाच्या आतच राहतो. आणि हा घरातल्या मृत्यूचा आघात आहे, नवऱ्याची रजा मंजूर होईल का या विवंचनेचा नव्हे. याहून अडचणीचा पुरावा अमेरिकी लष्कराच्या एका रुग्णालयातला, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला. सुमारे चारशे स्त्रियांच्या त्या पाहणीत ज्यांचे पती तैनातीवर होते, त्यांच्यात अकाली प्रसूती स्पष्टपणे जास्त होत्या. मात्र हा एकाच रुग्णालयातला, लहान गटाचा अभ्यास. आणि पती लांब असला की झोप, जेवण, तपासणीला नेणारं माणूस, मोठ्या मुलांचं करणं, असं सगळंच बिघडतं. यात मनातल्या विचाराचा वाटा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. समजा तो मोठा निघाला, तरी 'काळजी करू नकोस' म्हटल्याने काळजी कमी होते असं कोणत्या अभ्यासात दिसलं आहे? या घरांना हवं आहे ते मदतीचं माणूस, आणि आपण देतो तंबी.

खरं नुकसान पुढेच आहे. ज्या बाईची भीती चार वेळा हसण्यावारी नेली, ती पाचव्या वेळी बोलत नाही. रात्री दोन वाजता पोट दर दहा मिनिटांनी दगडासारखं कडक होतंय, कंबर भरून आली आहे, आणि ती पडल्या पडल्या ठरवते की हे आपल्या मनाचेच खेळ. सराव-कळा असतीलही, त्या कुशीवर वळल्यावर, पाणी प्यायल्यावर बहुधा ओसरतात. पण कळा ठरावीक अंतराने येत राहिल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं, ओटीपोटात दाब वाटला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळ होण्याची वाट पाहायची नसते. चौतीस आठवड्यांच्या आत बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, आणि त्यांचा पूर्ण परिणाम व्हायला साधारण एक दिवस लागतो. गेलेले तास तिथे महाग पडतात. म्हणून तिच्या 'तर?'ला उत्तर द्यायचं ते व्यवस्थेचं: रात्री गाडी कोण काढणार, 102 आणि 108 हे नंबर कुणाच्या फोनमध्ये आहेत, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड एकाच पिशवीत आहे का, अकाली बाळाची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं.

बाकीचे समज किरकोळ, पण चिवट. 'तारखेला अजून वेळ आहे': दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच, त्यामुळे नवऱ्याची रजा त्या एका दिवसाभोवती बेतणं म्हणजे जुगार. 'पोट उतरलं, आता आज-उद्या': पहिलटकरणीचं पोट काही आठवडे आधीही उतरतं. 'पाणी गेलं पण कळा नाहीत, मग घाई नाही': घाई आहे, संसर्गाचा धोका असतो. 'झोपून राहिलं की कळा लांबतात': तसा पुरावा नाही, उलट सतत पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही': हा समज हिप्पोक्रेटसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथांइतका जुना आणि साफ खोटा, पोटातला प्रत्येक वाढीव आठवडा बाळाच्या फायद्याचाच.

राहिला 'नवरा नसेल तर बाळंतपण कठीण जातं' हा समज. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत असताना तो कुठून आला कोण जाणे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2017 मध्ये 26 चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. प्रसूतीत सतत कुणीतरी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात आणि कळांचा काळ थोडा आखडतो, असं त्यात दिसलं. ते कुणीतरी नवराच असायला हवं असं नाही. केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांतही सोबतिणीला आत राहू देण्याचं ठरवलं. ती आई, बहीण की जाऊ, हे सातव्या महिन्यातच ठरवावं आणि रुग्णालयात आधी विचारून ठेवावं, कारण काही ठिकाणी अजूनही दाराशीच अडवतात.