नरक्याची मुळी आणि कॅन्सरचं औषध

घरात कॅन्सरचं निदान झालं की आठवड्याभरात कुणीतरी मुळीच्या चूर्णाची पुडी घेऊन येतं. ‘यात भरपूर अँटिऑक्सिडंट आहेत, गाठ विरघळते,’ असं सांगतं. सांगणाऱ्याची माया खरी असते. दावा मात्र खरा नसतो.

अँटिऑक्सिडंट म्हणजे कॅन्सरविरोधी, हा पहिला गैरसमज. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण घेतात आणि त्यात मुळीचा अर्क घालतात. रंग फिका होत पिवळसर झाला की अर्क अँटिऑक्सिडंट ठरला. चहाचा अर्क घातला तरी असंच होतं. शरीरात काय घडेल, हे त्या पिवळ्या रंगावरून कळत नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा बीटा कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

‘पण कॅन्सरची औषधं वनस्पतींपासूनच येतात ना?’ काही येतात, आणि त्यांतलं एक आपल्या अगदी जवळचं आहे. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाच्या मुळांत आणि सालीत कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य एका चिनी झाडातून वेगळं करून १९६६ साली जगासमोर मांडलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी मूळचे नंदुरबारचे! हे द्रव्य अँटिऑक्सिडंट म्हणून काम करतच नाही. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक विकर असतं. कॅम्प्टोथेसिन त्यालाच अडकवून ठेवतं, डीएनए तुटतो आणि पेशी मरते. थोडक्यात, हे विष आहे. सत्तरच्या दशकात ते रुग्णांना देऊन पाहिलं, तर लघवीतून रक्त जाऊ लागलं, जुलाब आवरेनात. चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूची रचना बदलून, मात्रा बांधून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं हाती यायला पुढची वीसेक वर्षं गेली.

म्हणून ‘मग मुळीच उकळून पिऊ’ हे चालत नाही. मूळ कॅम्प्टोथेसिन पाण्यात जेमतेम विरघळतं. काढ्यात किती उतरलं, हे घरी कळायला मार्ग नाही. शिवाय मुळीच्या मागणीपायी जंगलात नरक्या मुळासकट उपटला जातो, याचं फार वाईट वाटतं.

अश्वगंधेचंही तसंच. तिच्यातलं विथाफेरिन ए काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशी मारतं, पण त्यावरून माणसाचा कॅन्सर बरा होतो असं सिद्ध होत नाही. आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असंही म्हणता येत नाही, कारण अश्वगंधेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमोथेरपीची कितीतरी औषधं यकृतातूनच निकामी होऊन बाहेर पडतात. तिथे गडबड झाली तर औषध अंगात साचतं किंवा डोस पुढे ढकलावा लागतो.

घरात अशी पुडी आलीच असेल, तर ती लपवू नका. पुढच्या तपासणीला रिपोर्टच्या फाइलबरोबर न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.