फेसाचा मागोवा

बंगळूरमधील मल्लेश्वरम ही वसाहत १८९८ च्या प्लेगच्या साथीनंतर आखण्यात आली. जिच्यावरून तिला नाव मिळाले ती काडु मल्लेश्वराची वास्तू मात्र त्याहून पुष्कळ जुनी, म्हणजे सतराव्या शतकातील असून, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव तिच्या इतिहासाशी निगडित आहे. या देवालयासमोर नंदितीर्थ आहे. तेथील पाषाणाच्या नंदीच्या मुखातून झरणारे पाणी हा वृषभावती नदीचा एक उगम होय, अशी समजूत आहे. परंतु याच वृषभावतीचे पात्र पुढे शहराच्या पश्चिम भागातील सांडपाण्याने भरून जाते, आणि बिडदीनजीकच्या बैरमंगल जलाशयापाशी तिच्यावर पांढऱ्या फेसाचे थर दाटलेले अनेकदा दिसून आले आहेत.

हा फेस येतो कोठून? घरोघरच्या मोऱ्यांतून, हे उत्तर बरेचसे खरे असले तरी अपुरे आहे. कारण न मोडणारा फेस देणारी द्रव्ये औद्योगिक देशांनी साठ वर्षांपूर्वीच टाकून दिली, आणि त्यांच्या जागी आलेली निरुपद्रवी द्रव्येच आज भारतातही वापरात आहेत. मग फेस का उरावा? हे समजण्यासाठी कपडे धुण्याच्या पुडीचा इतिहास थोडा तपासला पाहिजे.

साबणाचा प्रतिस्पर्धी

तेल किंवा चरबी यांवर क्षाराची क्रिया होऊन साबण तयार होतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे तेलकट मळाला चिकटते. त्यामुळे मळ कापडापासून सुटून पाण्याबरोबर निघून जातो. परंतु विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात बहुधा कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. अशा दुष्फेन पाण्यात साबणाचा चोथा बनतो, फेस येत नाही आणि साबण वाया जातो.

ही अडचण संश्लेषित प्रक्षालकांनी, म्हणजेच डिटर्जंटांनी दूर केली. पहिल्या महायुद्धात चरबीचा तुटवडा पडला असता जर्मनीत त्यांचा आरंभ झाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून ती विपुल प्रमाणात बनू लागली. गृहिणींचे कष्ट वाचले. खाण्याजोग्या तेलाची बचत झाली, हाही लाभ लहान नव्हता.

पहिली दुरुस्ती

लवकरच युरोप व अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. नव्या प्रक्षालकांच्या रेणूतील कार्बनची साखळी फांद्याफांद्यांची होती. सांडपाण्यातील सूक्ष्मजंतू सरळ साखळी टोकाकडून कुरतडत जातात. परंतु फांदी आड आली की त्यांचे काम अडते. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि तो १९६४ पासून अमलात आला. अमेरिकेतील कारखानदारांनी १९६५ मध्ये सरळ साखळीचे प्रक्षालक स्वीकारले. नद्यांवरील फेस ओसरला.

दुसरी दुरुस्ती

याच पुड्यांत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट हे आणखी एक द्रव्य असे. ते पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम जखडून ठेवते. परंतु फॉस्फरस हे वनस्पतींचे अन्न होय. १९७३ मध्ये कॅनडातील एका लहान सरोवरात पडदा टाकून त्याचे दोन भाग करण्यात आले. एका भागात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्यात या दोहोंबरोबर फॉस्फरसही घालण्यात आला. दुसरा भाग शैवलाने हिरवा झाला. पहिला जवळजवळ होता तसाच राहिला. शैवल मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.

यावर झिओलाइट नावाचे खनिज द्रव्य फॉस्फेटाच्या जागी आले. ते शैवलाला पोसत नाही; मात्र पाण्यात विरघळत नसल्याने सांडपाण्यातील गाळात भर घालते. शिवाय मानवी मलमूत्रातही फॉस्फरस असतोच. त्यामुळे केवळ पुडी बदलून तलाव वाचत नाही.

बेल्लंदूरचा धडा

आता बंगळूरकडे वळू. वृषभावतीच्या खोऱ्याहून वेगळ्या अशा, शहराच्या आग्नेय भागातील खोऱ्यात बेल्लंदूर तलाव आहे. त्याच्यावरील फेस वाऱ्याने उडून रस्त्यांवर येई. २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी तर तेथे आगीही लागल्या. मल्लेश्वरमच्या शेजारीच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या फेसाचे कारण शोधले. सरळ साखळीचा रेणू सूक्ष्मजंतू मोडतात खरे. पण त्यासाठी त्यांना प्राणवायू हवा. मैल्याने भरलेल्या तलावात प्राणवायू उरत नाही. तेव्हा प्रक्षालक न मोडता गाळाला चिकटतो आणि तळाशी साठत जातो. जोराचा पाऊस आला की गाळ ढवळला जातो, साठलेले द्रव्य वर येते, आणि बांधावरून पाणी कोसळताना त्याचा फेस होतो.

याचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. जे प्रक्षालक हवा खेळवणाऱ्या शुद्धीकरण केंद्रात निरुपद्रवी ठरते, तेच प्रक्षालक, शुद्धीकरणावाचून तलावात गेले असता, तसे राहत नाही. ‘जैविक रीतीने विघटन पावणारे’ ही पुडीवरील अक्षरे खोटी नसतात. परंतु ती एका अटीवर खरी असतात, आणि ती अट पुडीवर छापलेली नसते.

‘निसर्गातील’ पर्याय

पामतेलापासून बनवलेल्या द्रव्यांनाही हाच न्याय लावावा लागतो. खनिज तेल वाचते. पण पामच्या लागवडीसाठी इंडोनेशिया व मलेशिया येथील जंगले तोडली गेली आहेत. आपला जुना रिठाही सर्वस्वी निर्दोष नव्हे. त्यातील सॅपोनिन या द्रव्यामुळे फेस येतो, आणि हेच द्रव्य माशांच्या कल्ल्यांना अपाय करते. म्हणूनच सॅपोनिनयुक्त वनस्पती ठेचून डोहात टाकण्याची मासेमारीची जुनी पद्धत अनेक प्रदेशांत होती. एका घरातील चार रिठ्यांनी नदी बिघडत नाही. लाखो घरांचे गणित निराळे असते.

तेव्हा एखादी वस्तू निर्दोष आहे काय, या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत: ती कशापासून बनली, किती वापरली जाते, आणि वापरानंतरचे पाणी कोठे जाते? पुडी मोजून वापरणे प्रत्येक घराच्या हातात आहे. अधिक फेस म्हणजे अधिक स्वच्छता नव्हे, आणि कमी पुडीत धुतलेले कापड पाणीही कमी मागते. मोरीपासून शुद्धीकरण केंद्रापर्यंतची वाट बांधणे मात्र नगराचे काम आहे. ते अपुरे राहिले, तर नव्या पुडीचे गुण वृषभावतीच्या पाण्याला कळणार नाहीत.