थेम्सच्या काठाने दोन दिवस

लंडन शहर पाहण्यास किती दिवस पुरतात, अशी विचारणा आम्हांला बेळगावाहून वारंवार होते. खरे उत्तर असे की, वर्षही पुरत नाही. परंतु विद्यार्थ्याजवळ वर्ष नसते. सोमवार ते शुक्रवार व्याख्याने आणि ग्रंथालय यांत जातात, उरतात ते शनिवार व रविवार, आणि त्या दोन दिवसांतही खिशाची आज्ञा पाळावी लागते. प्रत्येक प्रसिद्ध वास्तूचे तिकीट काढू लागल्यास महिन्याचा किराणा एका दिवसात संपेल. म्हणून काय पाहावे यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहावे, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटला. आपल्या शाळेतून पुढे कोणी इकडे शिकावयास आल्यास उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने आमचा अनुभव येथे नमूद करीत आहोत.

आम्ही चौघे होतो. दोघे बेळगावकडचे, एक मित्र वडोदऱ्याचा आणि एक मैत्रीण आंध्रातील गुंटूरकडची. चौघांच्या चार आवडी, त्यामुळे प्रथम बराच वाद झाला. शेवटी असे ठरले की, नदीला वाटाड्या करावे. थेम्स जशी वाहते तसे पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे व काठावर जे लागेल ते पाहावे. नदी सोडून दोनच ठिकाणी जावयाचे, एक वडोदऱ्याच्या मित्राच्या आग्रहास्तव व दुसरे गुंटूरच्या मैत्रिणीसाठी. ही योजना सोयीची तर ठरलीच, पण तिच्यामुळे हे शहर येथेच का वसले, हेही उमगू लागले.

नकाशासंबंधी एक सूचना आरंभीच केली पाहिजे. येथील भुयारी रेल्वेचा जो रंगीत नकाशा सर्वत्र लावलेला असतो, तो हॅरी बेक नावाच्या आरेखकाने तयार केला व १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यात रेषा सरळ आणि स्थानके समान अंतरावर दाखविली आहेत. कोणत्या गाडीतून कोणत्या गाडीत बदलावे हे त्यावरून क्षणात कळते, परंतु खरे अंतर मुळीच कळत नाही. लेस्टर स्क्वेअर व कॉव्हेंट गार्डन ही दोन स्थानके जेमतेम पाव किलोमीटर अंतरावर आहेत, तरी नवखे लोक तेवढ्यासाठी जिना उतरून गाडीत बसतात. शहराच्या मध्यभागी पायी चालावे, हेच उत्तम. पाय थकलेच तर बस आहे. तिचे भाडे अंतर कितीही असले तरी एकच असते.

शनिवारी सकाळी आम्ही वेस्टमिन्स्टरपासून आरंभ केला. पार्लमेंटची इमारत पाहताच ती फार पुरातन असावी असे वाटते, परंतु जुना राजवाडा १८३४ सालच्या आगीत बहुतांशी भस्मसात झाला आणि आजची इमारत त्यानंतर चार्ल्स बॅरी व ऑगस्टस प्युजिन यांनी उभारली. आगीतून वाचलेला वेस्टमिन्स्टर हॉल मात्र अकराव्या शतकाच्या अखेरचा. त्याच दालनात पहिल्या चार्ल्स राजावर १६४९ साली खटला चालला, आणि वॉरन हेस्टिंग्जवरील खटलाही १७८८ पासून १७९५ पर्यंत तेथेच चालून अखेर तो निर्दोष सुटला. घड्याळाच्या मनोऱ्यास सर्व जग बिग बेन म्हणते, पण ते नाव वस्तुतः आतील साडेतेरा टनांहून जड घंटेचे आहे. मनोऱ्याचे नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर असे आहे. या घड्याळाच्या लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवलेली असतात. एक नाणे वाढविले की घड्याळ दिवसाला सुमारे दोनपंचमांश सेकंद पुढे जाते. एवढ्या अवाढव्य यंत्राची चूक एका पैशाने सुधारावी, याची आम्हांला मोठी मौज वाटली.

येथून काठाकाठाने जो प्रशस्त रस्ता जातो, तो मुळात नदीचे पात्र होता, हे पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. पूर्वी सर्व शहराचे सांडपाणी थेट थेम्समध्ये जात असे. १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधी इतकी असह्य झाली की, पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराईड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून काढून राणीकडे देणारा कायदा याच सभागृहांनी त्याच उन्हाळ्यात संमत केला, हे येथे सहज आठवले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने मैला वाहून नेणारी प्रचंड गटारे बांधली आणि त्यांतील एक नदीकाठी घालून त्यावर बांध, रस्ता व बाग केली. याचा पुरावा एम्बँकमेंटच्या बागेत उभा आहे. सतराव्या शतकातील एका उमरावाच्या वाड्याचा दगडी जलदरवाजा तेथे आहे. एके काळी नावा त्याच्या पायरीला लागत. आता नदी तेथून शंभराहून अधिक मीटर दूर गेली आहे. त्या दरवाज्याशेजारच्या बाकावर बसून आम्ही डब्यातील पोळी-भाजी खाल्ली.

पुढे सेंट पॉल्स कॅथीड्रल. १६६६ च्या सप्टेंबरात पुडिंग लेनमधील एका भटारखान्यात लागलेली आग चार दिवस धुमसत राहिली आणि तीत सुमारे तेरा हजार घरे व सत्त्याऐंशी चर्चे जळाली. जुने सेंट पॉल्सही गेले. नवे मंदिर ख्रिस्तोफर रेन याने १६७५ साली आरंभिले व ते पस्तीस वर्षांनी उभे राहिले. आत शिरून वर पाहिले, तेव्हा आम्हां दोघा बेळगावकरांच्या मनात एकच वस्तू आली, ती म्हणजे विजापूरचा गोलघुमट. आपल्यापैकी बहुतेकांनी तो शाळेच्या सहलीत पाहिला असेल, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

गोलघुमट १६५६ च्या सुमाराचा, म्हणजे रेनच्या घुमटाचा पाया घालण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे आधीचा. त्याचा आतील व्यास सुमारे अडतीस मीटर असून तो सेंट पॉल्सच्या घुमटाहून रुंद आहे. उंचीत मात्र तो निम्म्याहून कमी भरतो, कारण सेंट पॉल्सचा क्रूस जमिनीपासून १११ मीटरांवर आहे. परंतु खरा भेद रचनेत आहे. विजापूरचा घुमट एकच, जाड व सलग. आतून जो दिसतो तोच बाहेरून दिसतो, आणि त्याचा भार एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चार भिंतींवर उतरवितात. रेनने मात्र एकावर एक तीन कवचे रचली. आतून दिसतो तो विटांचा घुमट सापेक्षतः ठेंगणा आहे. बाहेरून दिसतो तो लाकडी सांगाड्यावर शिशाचा पत्रा ठोकलेला उंच घुमट. या दोहोंच्या मध्ये, कोणालाही न दिसणारा, विटांचा एक शंकू आहे, आणि माथ्यावरील सुमारे साडेआठशे टनांचा दगडी मनोरा तोच तोलून धरतो. असे करण्याचे कारण सरळ आहे. दुरून भव्य दिसणारा घुमट आतून पाहिला तर खोल विहिरीसारखा वाटला असता, आणि आतून प्रमाणबद्ध वाटणारा घुमट बाहेरून खुजा दिसला असता. रेनने दोन्ही डोळ्यांची सोय केली व भार तिसऱ्यावर टाकला. आमच्या मते प्रामाणिकपणात विजापूर सरस आहे, युक्तीत लंडन. वडोदऱ्याच्या मित्रास हे मत मान्य नाही, हेही नोंदवितो.

दोन्ही घुमटांत कुजबुजता सज्जा आहे. भिंतीशी तोंड नेऊन हळू उच्चारलेला शब्द समोरच्या टोकास स्पष्ट ऐकू येतो. ध्वनी पोकळीतून सरळ न जाता वक्र भिंतीला बिलगून पुढे सरकतो, असे स्पष्टीकरण लॉर्ड रॅले याने सेंट पॉल्सवरूनच केले. पुढे १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडला आले असता त्यांनी येथे प्रयोग केले आणि स्वदेशी परतल्यावर गोलघुमटासारख्या आपल्याकडील वास्तूंकडेही तीच दृष्टी वळविली. त्याच प्रवासात परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांच्या मनात जे कुतूहल जागविले, त्याचा शेवट कोठे झाला हे सर्वांस ठाऊक आहे. आम्हांला सज्जात जाण्याचा योग आला नाही. आम्ही सायंप्रार्थनेच्या वेळी आत गेलो होतो, त्या वेळी कोणासही शुल्क पडत नाही. घुमटाखाली बसून गायकवृंद ऐकावयास मिळाला. ज्यांना केवळ प्रेक्षणासाठी जावयाचे आहे, त्यांनी रविवार टाळावा. त्या दिवशी येथे व वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतही फक्त उपासना चालते.

संध्याकाळी लंडन ब्रिजपाशी पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. या नदीस समुद्राची भरती येते व पाणी सहा-सात मीटर चढते-उतरते, हे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज खरे वाटत नाही. गोव्याच्या खाड्या पाहिलेल्यांस याची थोडी कल्पना येईल. भरतीवर स्वार होऊन जहाजे आत येऊ शकत, आणि तरीही येथे पूल बांधता येत असे, म्हणून रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात वसाहतीसाठी हीच जागा निवडली. चित्रांत दिसणारा, मधून उघडणारा पूल हा नव्हे. तो टॉवर ब्रिज, १८९४ चा.

त्याच्या शेजारी टॉवर ऑफ लंडन. आत कोहिनूर आहे. पंजाब खालसा झाल्यावर १८४९ साली दलीपसिंग या बालराजाकडून तो घेण्यात आला. तिकीट भारी होते, पण वाद तिकिटाचा नव्हता. आमच्यातील एकाचे म्हणणे, एवढ्या दूर येऊन तो न पाहता जाणे वेडेपणाचे. मैत्रिणीचे म्हणणे, जी वस्तू अशा रीतीने गेली, ती पैसे मोजून रांगेत उभे राहून पाहावयाची तिची इच्छा नाही. दोन्ही बाजूंस मते समसमान पडली. अंधार पडू लागला व आम्ही तटाबाहेरूनच परतलो. वाद मात्र बसमध्येही मिटला नाही.

त्या वादाला आदल्या दिवसाची पार्श्वभूमी होती. ब्रिटिश म्युझियमला शुल्क नाही आणि शुक्रवारी ते रात्रीपर्यंत उघडे असते, म्हणून आम्ही शुक्रवारची संध्याकाळ तेथे घालविली होती. अमरावतीच्या महास्तूपाची शंभराहून अधिक शिल्पे काचेआडच्या एका स्वतंत्र दालनात मांडलेली आहेत. १८५९ साली ती मद्रासहून लंडनला रवाना झाली. मैत्रीण शाळेच्या सहलीत अमरावतीस गेली होती. तेथे आज बव्हंशी मातीचा उंचवटाच शिल्लक आहे. आपल्या गावापासून तासाभराच्या वाटेवरचे दगड पाहावयास आपण समुद्र ओलांडून आलो, असे ती म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. १९६३ च्या कायद्याने संग्रहालयास आपल्या वस्तू सहसा कोणास देऊन टाकता येत नाहीत.

रविवारी सकाळी वडोदऱ्याच्या मित्राची पाळी. उत्तर लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले व तेथून लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले आणि १९२० मध्ये पुन्हा येऊन त्यांनी तो पुरा केला. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ साली विकत घेतले. शांत रस्ता, विटांची साधी घरांची ओळ, भिंतीवर एक गोल निळी पाटी. मित्राने घरी पाठविण्यासाठी छायाचित्र घेतले.

दुपारी चालकाविना धावणाऱ्या छोट्या रेल्वेने जुन्या गोद्यांच्या प्रदेशातून आयलंड गार्डन्सला उतरलो. येथून नदीच्या तळाखालून पायी पलीकडे जाता येते. दक्षिणेकडील कामगारांना गोद्यांत पोहोचता यावे म्हणून १९०२ साली बांधलेले हे भुयार सुमारे ३७० मीटर लांब आहे व त्यास काही आकार नाही. डोक्यावर थेम्स वाहत असताना पांढऱ्या फरशांच्या नळीतून चालणे, हा दोन दिवसांतील सर्वांत स्वस्त व आमच्या मते सर्वांत गमतीचा अनुभव होय.

पलीकडे ग्रिनिच. टेकडीवरील वेधशाळा दुसऱ्या चार्ल्सने १६७५ साली स्थापिली, ती खलाशांसाठी. समुद्रात अक्षांश सूर्याच्या उंचीवरून कळतो, पण रेखांश कळण्यास घरचे घड्याळ बरोबर असावे लागते. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते; जहाजावरील दुपार व घरची दुपार यांत जितका फरक, तितका रेखांश. बोटीच्या हेलकाव्यांत बिनचूक चालणारे घड्याळ जॉन हॅरिसन या सुतारपुत्राने आयुष्य वेचून सिद्ध केले. जगातील बहुतेक जहाजे ग्रिनिचवरूनच मोजत असल्यामुळे १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत हेच मूळ रेखावृत्त ठरले; फ्रान्स तटस्थ राहिला. गंमत अशी की, आजच्या उपग्रहांच्या मोजणीनुसार शून्य रेखांश त्या धातूच्या पट्टीवर नसून तिच्या पूर्वेस सुमारे शंभर मीटरांवर, बागेतच कोठेतरी पडतो.

भारताचे प्रमाणवेळेचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांचे, म्हणून आपले घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. ही वेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबई शहरात जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. बेळगाव सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंशांवर आहे. फरक आठ अंशांचा, आणि एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने बत्तीस मिनिटे. म्हणजे आपल्या शाळेच्या पटांगणात सूर्य सरासरीने बारा वाजून बत्तीस मिनिटांनी माथ्यावर येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार व तिचा अक्ष कललेला असल्यामुळे ही वेळ वर्षभर थोडी मागेपुढे होते: फेब्रुवारीत पावणेएकच्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराच्या सुमारास. एक सरळ काठी, खडू व घड्याळ एवढे साहित्य घेऊन, काठीची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहिल्यास कोणत्याही वर्गास हे ताडून पाहता येईल. हा हिशेब आम्ही टेकडीवर बसून एका जुन्या तिकिटाच्या पाठीवर केला, आणि दिवे लागण्याच्या सुमारास पुन्हा भुयारातून अलीकडच्या तीरावर आलो.