खुडूक कोंबडीच्या भरवशावर

खुडूक कोंबडी ओळखायला वेळ लागत नाही. कालपर्यंत अंगणभर हिंडणारी कोंबडी टोपलीतून उठेनाशी होते. हात जवळ नेला की अंग फुगवते, घशातून खरखरीत आवाज काढते आणि चोच मारते. छातीखालची पिसं झडून तिथली कातडी उघडी पडलेली असते. त्या कातडीची ऊब थेट अंड्यांना लागते. भोर तालुक्यातल्या मावळपट्ट्यात माझ्या मामाचं घर आहे. तिथं अशी कोंबडी दिसली की मामीचा चेहरा उजळतो. पोल्ट्रीवाल्याला मात्र ती नको असते, कारण खुडूक झालेली कोंबडी अंडी घालायची थांबते.

पोल्ट्रीतल्या लेअर कोंबड्या वर्षाला 300 च्या आसपास अंडी देतात. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांच्यातली खुडूक होण्याची सवय जवळपास काढून टाकली आहे. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते. हिशेबात ती हरते, हे खरं. पण लेअरचं पुढचं पिल्लू हॅचरीतूनच विकत आणावं लागतं. मामीच्या खुराड्यातली पिल्लं घरच्याच कोंबडीखाली निघतात. घरची अंडी, आषाढातला रस्सा, अचानक आलेल्या पाहुण्याचं जेवण हे सगळं टोपलीत ठाण मांडून बसलेल्या त्या कोंबडीवर अवलंबून आहे. परसातल्या कोंबड्यांची चर्चा अंड्यांच्या आकड्यांवर सुरू होऊन तिथंच संपते, याचं मला वाईट वाटतं.

मामी अंडी रोज गोळा करते, पण सगळी स्वयंपाकघरात जात नाहीत. बसवायची अंडी ती नाचणीच्या भुशात, निमुळतं टोक खाली करून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवते. फार मोठं नको, फार बारीक नको, कवच खरखरीत नको, आणि आठवड्यापेक्षा जुनं तर नकोच. अंडी धूत नाहीत. कवचावरचा पातळ थर आतल्या जिवाचं रक्षण करतो. थंडीत ठेवलेल्या अंड्यातली वाढ थांबून राहते. ती खरी सुरू होते कोंबडी ठाण मांडून बसल्यावर. म्हणून वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी एकाच दिवशी फुटू शकतात.

संध्याकाळी, अंधार पडता पडता, टोपलीत गवत आणि कडुनिंबाचा पाला घालून कोंबडीखाली दहा-बारा अंडी सरकवायची. दिवसा बसवली तर ती बिथरते. मामी टोपलीत लोखंडाचा खिळा आणि कोळशाचा तुकडाही ठेवते. विजांच्या कडकडाटानं अंडी खराब होऊ नयेत म्हणून, असं ती सांगते. खिळ्यानं काय होतं ते सोडून देऊ, पण कडुनिंबाचा पाला मला पटतो. बसलेल्या कोंबडीला पिसवा लागल्या तर ती मधेच उठून जाते.

पुढचे 21 दिवस कोंबडी दिवसातून एखाद्याच वेळी उठते. थोडं खाते, पाणी पिते, मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते, राखेत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. अंडी ती स्वतःच चोचीनं फिरवते, काठाची मधे घेते, मधली काठाला सरकवते. सातव्या-आठव्या दिवशी मामा काळोखात एकेक अंडं टॉर्चसमोर धरतो. जिवंत अंड्यात कोळ्यासारखं लाल जाळं दिसतं, मधे एक काळा ठिपका हलत असतो. ज्यात काहीच दिसत नाही ते वांझ. ते बाजूला काढायचं, नाहीतर उबेनं सडून फुटतं आणि बाकीच्यांनाही घाण लागते.

विसाव्या दिवशी अंडं कानाला लावलं तर आतून चिवचिव ऐकू येते. कोंबडीही हळू आवाजात उत्तर देते. पिल्लाच्या चोचीवर एक टोकदार उंचवटा असतो, त्यानं ते कवचाला पहिलं भोक पाडतं आणि मग बराच वेळ गप्प राहतं. पाहणाऱ्याचा हात शिवशिवतो. मी कवच सोलायला पुढे झालो तेव्हा मामीनं हात धरला. ‘‘राहू दे रं, त्याचं त्याला येऊ दे.’’ तिचं बरोबर होतं. त्या तासांत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या पडद्यावरच्या शिरा सुकत असतात. घाई केली तर रक्त येतं. तोच बलक पहिले दोन दिवस त्याची शिदोरी. म्हणून आधी फुटलेली पिल्लं उपाशी न राहता मागच्यांची वाट पाहू शकतात.

मग डालगं येतं. सुरुवातीला आई आणि पिल्लं डालग्याखालीच. खायला तांदळाची कणी, आणि मामा रानातून वारुळ फोडून आणतो ती वाळवी. डालगं उचललं की धोका सुरू होतो. घार वरून येते, मुंगूस कुंपणातून. कोंबडीचे इशारेही वेगळे आहेत: वरच्या शत्रूसाठी एक आवाज, जमिनीवरच्यासाठी दुसरा. पहिल्या आवाजाला पिल्लं गवतात दडून स्तब्ध होतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मामीलाही ते आवाज ओळखता येतात. घरात भाकरी थापता थापता ती ‘घार आली’ म्हणून बाहेर धावते.

घारीपेक्षा मोठी भीती मानमोडीची. पुस्तकात हा रोग राणीखेत म्हणून आहे. 1927 मध्ये उत्तराखंडातल्या राणीखेत इथं तो नोंदला गेला, त्यावरून हे नाव. एकदा शिरला की चार दिवसांत खुराडं रिकामं करतो. उपाय स्वस्त आहे: पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब, दोन महिन्यांनी आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. अडचण वेगळीच. एका कुपीत 100 किंवा जास्त कोंबड्यांपुरती लस असते, बर्फात ठेवूनच आणावी लागते, आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. एका घराला ती परवडत नाही. म्हणून सगळ्या वाडीनं एकाच संध्याकाळी, कोंबड्या डालल्यावर, घरोघर टोचून घ्यायचं. माझ्या मते परसातल्या कोंबडीसाठी सरकारनं दुसरं काहीही दिलं नाही आणि फक्त हे नीट जमवलं, तरी पुष्कळ झालं. सुधारित जातींचं म्हणाल, तर हैदराबादची वनराज किंवा बेंगळुरूची गिरिराज अंड्यांना चांगली. पण त्या खुडूक फारशा होत नाहीत, त्यांचीही अंडी शेवटी गावठीखालीच ठेवावी लागतात.

मामी पौष-माघात कोंबडी बसवते. हवा कोरडी असते, पावसाळ्यातली रक्ती हगवण नसते. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर. पाचेक महिन्यांनी, आषाढात, ते दीड किलोच्या आसपास भरतात. पुढे श्रावण, मग महिनाभर चूल शाकाहारी. खाणं आणि वाढवणं असं एकमेकांत बसलेलं आहे.

कापायच्या आदल्या संध्याकाळी कोंबड्याला दाणा नाही, फक्त पाणी. मामा त्याला हातात घेऊन थोडा वेळ तसाच धरून ठेवतो, तो शांत होईपर्यंत. धार तपासलेली असते. रक्त निथळल्यावर गरम पाण्यात बुडवायचं, पण उकळत्या नव्हे. नाहीतर पिसांबरोबर कातडी निघते. पिसं काढून अंग जाळावर फिरवायचं, मग हळद चोळायची. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी मामी बोटांनी अलगद सोडवते. ती फुटली तर सगळं कडू. खडे भरलेली जाड पिशवी चिरून तिचं पिवळं अस्तर सोलते. म्हातारी कोंबडी असेल तर पोटात अंड्यांची माळ सापडते, मोहरीएवढ्या दाण्यापासून पूर्ण बलकापर्यंत, आणि ती रश्श्यात कुणाच्या वाट्याला जाणार हे आधीच ठरलेलं असतं. मांस चिवट असतं. चुलीवर दोन तास शिजतं, आणि त्याची चव सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरला येत नाही.

कोण कापायचं हे मामी ठरवते. भांडखोर नर आधी जातो. अंडी फोडणारी, पिल्लं टाकून जाणारी कोंबडी पुढच्या सणाला. जी नीट बसते आणि पिल्लं जगवते, ती म्हातारी होईपर्यंत राहते. घरचाच नर दोन-तीन पिढ्या ठेवला तर पिल्लं कमजोर निघतात, म्हणून दर दीड-दोन वर्षांनी तो बदलायचा. यंदाचा लाल मानेचा कोंबडा नीरेच्या खोऱ्यात मामीच्या बहिणीकडे जाणार आहे, आणि तिकडून एक काळा येणार आहे.